दबलेली सीट

१

रविवारी सकाळी दारात जीपचा हॉर्न वाजायचा, आणि तो वाजायच्या आधीच काटेवाले बूट घालून तयार बसलेले असायचे. जायची हौस होती असं नाही. न जाण्याचीही नव्हती. मेहुणा बोलावतो म्हणून जायचं, एवढंच.

काटेवाले हे त्यांना पडलेलं नाव. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेली होती. ट्रक यायचा, जमिनीत बसवलेल्या लांबरुंद लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा, काचेमागे बसलेल्या काटेवाल्यांसमोर आकडा उमटायचा, की ट्रक पुढे. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली. ते रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. घरात आता एकटी लेक होती. तिला ठाऊक होतं की हा धीर नव्हे. जेवण आळणी झालंय की खारट, हेसुद्धा बाबांना हल्ली कळत नव्हतं. ताट ठेवलं की जेवायचे, उचललं की उठायचे.

मेहुण्याने बहिणीचं दुःख बोलून बोलून थोडं तरी हलकं केलं होतं. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, घरी बायको, दोन लहान मुली आणि एक नाद. टाकून दिलेले जुने ट्रॅक्टर शोधायचे, आणायचे, पार शेवटच्या नटापर्यंत खोलायचे आणि पुन्हा चालू करायचे. चालू झाला की एक फेरी मारायची, फोटो काढायचा, लगेच पुढच्याच्या मागे लागायचं. काटेवाल्यांच्या घरामागे मोठी शेड होती, मोकळं मैदान होतं. तिथे हा सगळा पसारा. "भंगार तुमच्या दारात आणि कौतुक माझं, असा आपला करार आहे दाजी," असं म्हणून तो एकटाच हसायचा.

शोधायची त्याची रीत होती. नजर रस्त्यावर ठेवायची नाही, घरांच्या मागे ठेवायची. गोठ्याआड, झुडपांत, पत्र्याच्या आडोशाला. गवताच्या वर सायलेन्सरचं गंजकं नळकांडं दिसलं की खाली ट्रॅक्टर आहेच. मग जीप थांबवायची आणि दार वाजवायचं. बोलायचं काम मेहुण्याचं. काटेवाले मागे उभे राहायचे. गंभीर माणूस सोबत असला की लोकांचा विश्वास बसतो, असं मेहुण्याचं म्हणणं होतं.

२

त्या दिवशी सायलेन्सर दिसलाच नव्हता. दिसलं होतं ते घर. भर उन्हात त्याच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, आणि मेहुणा म्हणाला, "इथे कोणी राहत नसेल तर मागे नक्की काहीतरी सापडणार."

राहत होतं. दार एका बाईने उघडलं, पन्नाशीच्या आतबाहेरची. मेहुण्याने आपलं नेहमीचं पुराण सुरू केलं, जुन्या यंत्रांची आवड, वगैरे. तिने ते संपूही दिलं नाही.

"मागे आहे एक. न्यायचा तर न्या."

"तुमचे यजमान..."

"न्या म्हटलं ना."

ती स्वतः मागे आली नाही. शेडचं दार अर्धवट निखळलेलं होतं. आत ट्रॅक्टर उभा होता, कधीकाळी हिरवा असावा. चारही टायर बसलेले, बॉनेटवर पक्ष्यांची घाण. मेहुण्याच्या तोंडून शिट्टीच निघाली. तो गुडघ्यांवर बसून इंजिनाखाली डोकावू लागला, आणि काटेवाले उगाच मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

जुन्या ट्रॅक्टरची सीट म्हणजे भोकं पाडलेलं एक खोलगट लोखंडी ताट. खाली पोलादाचा लांब पाटा. माणूस बसला की पाटा दबतो, उठला की सीट वर येते. ही सीट दबलेली होती. पार खाली.

"पाटा मेलाय," मेहुणा म्हणाला. त्याने सीटखाली दोन्ही हात घालून ती वर उचलली. हात काढल्यावर ती क्षणभर तशीच राहिली आणि मग हळूहळू, कर्रर्र करत खाली गेली. "बघा. जीवच उरला नाही बिचाऱ्यात."

काटेवाले दुसरंच बघत होते. सगळ्या ट्रॅक्टरवर बोटभर धूळ होती. स्टिअरिंगवर होती, मडगार्डवर होती, पाय ठेवायच्या फळीवर होती. सीटवर नव्हती. मांजर बसत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. वाकून केस दिसतात का पाहिलं. केस नव्हते. मग नसेल मांजर, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. हल्ली कुठलाही विषय त्यांच्याकडून सहज सुटायचा.

साखळ्या लावून ट्रॅक्टर ट्रॉलीवर ओढू लागले, तेव्हा बाई मागच्या दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

"बसलेलं असताना हलवू नका," ती म्हणाली.

"छे छे वहिनी, वर कोणीच बसणार नाही," मेहुणा घाम पुसत म्हणाला. "साखळीनेच चढवतोय."

तिने दार लावून घेतलं.

३

आणलेला प्रत्येक ट्रॅक्टर घरी न्यायच्या आधी काट्यावर तोलायचा, ही मेहुण्याची हौस. बाळाचं वजन करायचं म्हणायचा. सुट्टीमुळे काटा बंद होता, चावी काटेवाल्यांकडेच असायची. ते काचेमागे जाऊन बसले. जीप आणि ट्रॉली प्लॅटफॉर्मवर आली, आकडा उमटला, त्यांनी हात वर केला आणि मेहुण्याने गाडी पुढे घेऊन फाटकापाशी उभी केली.

आकडा शून्यावर यायला हवा होता. आला नाही. थोडंसं वजन मागे राहिलं होतं. एका धडधाकट माणसाचं असतं तेवढं.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कडेला खडा अडकला, चिखलाचं ढेकूळ बसलं की काटा असा अडतो. काटेवाले बाहेर आले, चारही कडा फिरून बघितल्या, वाकून खाली पाहिलं. स्वच्छ होतं. लोखंडावर ऊन पडलं होतं आणि वर काही म्हणजे काही नव्हतं.

ते परत आत गेले. आकडा थरथरत होता.

ही थरथर त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ट्रक गेल्यावर मागे राहिलेला क्लीनर प्लॅटफॉर्मवरून चालत निघतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक पावलाला आकडा असाच डचमळतो. ते बघत राहिले. थरथर थांबली, शून्य आलं. आणि बाहेर, फाटकापाशी, ट्रॉलीवरच्या ट्रॅक्टरची सीट कर्रर्र करून वाजली.

मेहुणा जीपमध्ये बसून पाणी पीत होता. "झालं का दाजी?"

"झालं."

त्यांनी त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? काटा अडला होता, मग सुटला.

४

पहिल्याच आठवड्यात मेहुण्याने पाटा बदलला. दुसऱ्या एका ट्रॅक्टरचा चांगला ताठ पाटा बसवला, बोल्ट आवळले आणि सीटवर थाप मारली. सीट ठणठणीत उसळली. "आता बसून दाखवा म्हणावं कुणाला!"

दुसऱ्या दिवशी काटेवाले कामावरून आले तेव्हा ती खाली होती.

त्यांनी मेहुण्याला फोन केला नाही. तो इंजिनात बुडाला होता, रोज संध्याकाळी यायचा, पिस्टन सुटला म्हणून नाचायचा, सीटकडे त्याचं लक्षच नव्हतं. काटेवाल्यांचं होतं. घरात जेवताना, हातपाय धुताना त्यांना शेडमधून तो आवाज यायचा. बसल्याचा आवाज. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की उठल्याचा आवाज मात्र एकदाही आलेला नाही. जो बसत होता तो न उठता पुन्हा पुन्हा बसत होता. किंवा आणखी आणखी रेलून बसत होता.

पत्रा तापतो, लोखंड फुगतं, आकसतं, आवाज येतात. हे त्यांनी स्वतःला बऱ्याचदा समजावलं. ढगाळ दिवशीही समजावलं.

एकदा लेक स्वयंपाकघरात कपात चहा ओतता ओतता म्हणाली, "बाबा, मामा एवढ्यात आला?"

"नाही."

"मग शेडमध्ये..." ती खिडकीतून बघत होती. मग तिने नजर वळवली. "काही नाही. सावली पडली असेल."

त्या दिवसापासून ती त्या खिडकीचा पडदा ओढूनच काम करू लागली. पुढे बाजूची खिडकीही तिने लावून घेतली, धूळ येते म्हणून. दिवसा दिवे लावायला लागत. ती गुणगुणायची ते थांबलं. काटेवाल्यांनी यावर काही विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

मनात एक विचार येऊन गेला होता, तो त्यांनी एकदाच तोंडाने उच्चारला. शेडमध्ये उलट्या खोक्यावर बसून, दबलेल्या सीटकडे बघत ते हळूच म्हणाले, "तू आहेस का?"

पण विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं. बायको मुळातच लहानखुरी होती. शेवटी शेवटी तर ते तिला एका हाताने उचलून न्हाणीघरात न्यायचे. काट्यावर मागे राहिलेलं वजन तिचं नव्हतं. वजनाच्या बाबतीत काटेवाल्यांची चूक होत नसे.

तरीही ते खोक्यावरून उठले नाहीत. बरं वाटत होतं असं म्हणता येणार नाही. पण इथे कोणी त्यांना धीर देत नव्हतं, जेवलात का विचारत नव्हतं. दोघं समोरासमोर गप्प बसत.

५

लेक एके दिवशी म्हणाली, "बाबा, मी काही दिवस मैत्रिणीकडे राहायला जाऊ का?" तिचा चेहरा उतरला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपण हिच्याकडे कितीतरी दिवसांत पाहिलंच नव्हतं, हे त्यांना जाणवलं. वाईट वाटायला हवं होतं. "थोडं थांब," म्हणून ते उठले आणि बस पकडून त्या बाईच्या घरी गेले.

आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो असं त्यांना आधी वाटलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. दोरीवर चादरी वाळत होत्या. बाई शिडीवर चढून खिडकीच्या चौकटीला रंग देत होती आणि आत कोणाशी तरी मोठ्याने गप्पा मारत होती. फाटक वाजलं तशी तिने वळून पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"आत येऊ नका," ती म्हणाली. "तिथूनच बोला."

"तो ट्रॅक्टर..."

"परत आणू नका."

"आणत नाही. विचारायला आलोय."

ती शिडीवरून खाली उतरली, पण फाटकाजवळ आली नाही. ब्रश हातातच होता, रंग ओघळून तिच्या मनगटावर येत होता. "अजून ट्रॅक्टरवरच आहे ना?"

काटेवाल्यांनी मान डोलावली.

"मग निभेल. फक्त चालू करू नका. चालू केला की त्याला वाटतं, निघायचं."

"कोणाला?"

"मला काय माहीत कोणाला!" ती एकदम चिडून म्हणाली, आणि लगेच आवाज खाली आणला. "माझ्या पाठीमागे किती वर्षं होतं, मी कधी मागे वळून पाहिलं नाही. तुम्हीही पाहू नका. जा आता."

परतताना बसमध्ये त्यांनी ठरवलं की मेहुण्याला आज सांगायचं. संध्याकाळी मेहुणा आला तेव्हा तो इतका खुशीत होता, दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले, की काटेवाल्यांनी ते उद्यावर टाकलं. उद्या परवावर गेलं. विसरले नव्हते. जिभेवर असायचं. जीभ उचलण्याचं बळ आणायचं कुठून, एवढाच प्रश्न होता.

६

रविवारी हॉर्न वाजला नाही. काटेवाले तोंड धूत होते, तेवढ्यात मागून फट्फट्फट् असा आवाज सुरू झाला. अडखळला, पुन्हा सुरू झाला आणि मग लय धरली.

ते ओल्या तोंडानेच मागे गेले. मेहुणा मैदानात फेऱ्या मारत होता. पहिल्या फेरीला त्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. "दाजी! पळतोय बघा!"

दुसऱ्या फेरीला त्याने हात वर केले नाहीत. तो सीटवर जरा पुढे सरकला होता.

पुढच्या फेरीला आणखी पुढे. बाकावर आपण एकटे असतो, कोणी येतं आणि आपण अंग चोरून जागा करून देतो, तसा. आता तो सीटच्या पार काठावर आला होता, स्टिअरिंगला पोट लागत होतं. समोरून गेला तेव्हा त्याने काटेवाल्यांकडे पाहिलं नाही.

मग त्याची पाठ दिसली. वारा होता. त्याचा सैल सदरा दोन्ही बाजूंनी फडफडत होता, बाह्या फुगत होत्या. पाठीवर, मधोमध, मानेपासून कमरेपर्यंत मात्र कापड हलत नव्हतं. अंगाला चिकटून सपाट बसलं होतं. मागून कोणी छाती लावून रेललं तर बसेल तसं.

"थांब!" काटेवाले ओरडले. "उतर खाली! उतर!"

तो थांबला नाही. टाकीत थोडंच डिझेल घातलेलं होतं, ते संपलं तेव्हा ट्रॅक्टर आपोआप बंद पडला. मेहुणा खाली उतरला. सावकाश, ओझं घेतलेला माणूस उतरतो तसा.

"चांगला चालतो," तो म्हणाला.

"तुला बरं वाटत नाहीये का?"

"चांगला चालतो," तो पुन्हा म्हणाला. त्याने फोटो काढला नाही. चहाला थांबला नाही. जीपकडे गेला, आपल्या बाजूने चढला, आणि जीप एकदा त्याच्या वजनाने दबली. मग आणखी एकदा दबली.

तेव्हाच मागे, मैदानात, ठण्ण असा आवाज झाला. सीट वर आली होती.

काटेवाल्यांनी सगळं पाहिलं. एक हाक मारली असती तरी जीप थांबली असती. ते नुसते उभे राहिले. अंगावरचं काहीतरी उतरलं होतं.

दुपारी लेकीने पडदा सरकवला आणि खिडकी उघडली. का उघडली हे तिलाही सांगता आलं नसतं. जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि काटेवाले म्हणाले, "आज मीठ जास्त पडलंय गं."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. घास तोंडात तसाच ठेवून ते रडू लागले. गेल्या हिवाळ्यापासूनचं सगळं, लहान मुलासारखं, खांदे हलवून हलवून. तिने त्यांना जवळ घेतलं. ती म्हणत होती, रडा बाबा, रडून घ्या. आणि त्या रडण्याच्या आत कुठेतरी त्यांना भीतीही वाटू लागली होती, अगदी खरीखुरी भीती. पण ती मेहुण्यासाठी होती.

७

फोन मेहुण्याच्या बायकोचा आला. "दाजी, तुम्ही जरा येता का? हे काही बोलतच नाहीत. दुकानात जात नाहीत. सगळे पडदे ओढून बसलेत. आणि खुर्चीवर नीट बसतही नाहीत हो, आपले काठावर..."

काटेवाले गेले तेव्हा दोन्ही मुली भर दुपारी अंगणात पायरीवर बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर दप्तर तसंच होतं.

"आत का नाही गेलात?"

"आत जागा नाही," धाकटी म्हणाली. थोरलीने तिला कोपराने ढोसलं, पण ते खोटं आहे असंही ती म्हणाली नाही.

खोलीत दिवा नव्हता. मेहुणा लांब कोचावर एकटाच होता, अगदी काठावर, गुडघे जवळ घेऊन. मागच्या गाद्या खोल दबल्या होत्या. हा तोच माणूस होता, जो दर रविवारी हॉर्न वाजवून त्यांना घराबाहेर काढायचा. काटेवाल्यांना हुंदका आला. तो गिळून ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"उठ."

"राहू दे दाजी. मला काही होत नाहीये." त्याचा आवाज कोरडा होता. "काहीच वाटत नाहीये. बरंय तसं."

"माहीत आहे मला कसं असतं ते. उठ म्हणतो ना. तुझ्या पोरी बाहेर बसल्यात. मला काही न वाटण्याची सवय आहे, तुला नाही. जीपची चावी दे."

त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं, दाराकडे ढकललं आणि स्वतः त्याच्या जागी बसले. काठावर नाही. पूर्ण मागे, पाठ टेकून.

पाठ गादीला टेकली नाही. मधेच टेकली. जे लागलं ते थंड नव्हतं आणि गरमही नव्हतं. मग सदरा पाठीला चिकटला. घशातला हुंदका जिथे होता तिथेच थांबला, सुकला आणि नाहीसा झाला. काटेवाल्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"चल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "निघायचं."

ते उठून बाहेर आले तेव्हा मुली न सांगता पायरीवरून उठून बाजूला झाल्या. दारात मेहुणा डोळे चोळत उभा होता, झोपेतून उठल्यासारखा. जीप दबली, पुन्हा दबली. किल्ली फिरवता फिरवता त्यांना मागून मेहुण्याची हाक ऐकू आली. "दाजी! दाजी, थांबा! कुठे चाललात?" तो रडत होता. चांगलं झालं, असं काटेवाल्यांना वाटलं नाही, पण चांगलं झालं आहे हे त्यांना समजलं.

शहराच्या कडेला लेकीचा फोन आला.

"बाबा, किती वेळ लागेल? ताटं घेऊ?"

"तू जेवून घे."

"आणि तुम्ही?"

"मला जरा पुढे जायचंय."

"एकटेच?"

"खिडक्या उघड्या ठेव," ते म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या हाताने सवयीने वळायचा इंडिकेटर लावला. तिथून घर दिसत होतं. स्वयंपाकघराचा पडदा बाहेर येऊन फडफडत होता. त्यांनी इंडिकेटर बंद केला. जीप गल्लीवरून सरळ पुढे गेली, वस्ती विरळ झाली, शेतं लागली. पुढे कुठे रिकामी शेड असेल, आसपास माणूस नसेल, अशी जागा बघायची होती. नाहीच सापडली तर रस्ता लांब होता.

समोरचा आरसा त्यांनी हात वर करून छताकडे फिरवून ठेवला. मागची सीट करकरली, रस्ता नीट दिसावा म्हणून कोणीतरी पुढे वाकावं तशी.